लहान अक्षरांतले नाव

गणपतीच्या सुट्टीत भाची आमच्याकडे राहायला आली होती आणि रोज रात्री निजण्यापूर्वी मी तिला एका हंगेरियन कादंबरीचे एकेक प्रकरण वाचून दाखवत होतो. पुस्तक इंग्रजी भाषांतराचे, रस्त्यावरच्या गठ्ठ्यातून उचललेले, पाठीवर कोणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल डाग असलेले. आणि भाची मराठी शाळेत चौथीत. त्यामुळे एक डोळा ओळीवर ठेवून मी तोंडाने मराठी करत जाई. अशा वाचनात अडखळायला होते, मुले ते खपवून घेतात. एका रात्री मात्र मी जो अडखळलो तो पुढे जाईना. गोष्टीतल्या पोरांच्या एका मंडळात एका मुलाला गद्दार ठरवतात आणि शिक्षा म्हणून मंडळाच्या वहीत त्याचे नाव सगळेच्या सगळे लहान अक्षरांत लिहितात. नावाचे पहिलेसुद्धा अक्षर मोठे, म्हणजे कॅपिटल, नाही. भाचीने विचारले, “म्हणजे बारीक अक्षरात?” मी म्हणालो, “बारीक नव्हे गं, लहान लिपीत.” ती क्षणभर थांबली. “पण मामा, आपली सगळी अक्षरं सारखीच असतात. मग त्यात एवढं रडण्यासारखं काय झालं?”

मला उत्तर देता आले नाही. ती झोपली आणि मी दिवा मालवून बराच वेळ तसाच बसून राहिलो.

कादंबरी फेरेंत्स मोल्नारची, ‘पाल रस्त्यावरची मुले’. 1906 साली ती विद्यार्थ्यांच्या एका नियतकालिकात क्रमशः आली आणि पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली. बुडापेस्टच्या योझेफवारोश या भागात, पाल रस्त्याच्या टोकाला एक मोकळी जागा आहे आणि तिच्या मागे लाकडाची वखार. मुले त्या जागेला ‘ग्रुंड’ म्हणतात. वखारीतल्या लाकडाच्या थप्प्यांवर चढून त्यांनी किल्ले केले आहेत, किल्ल्यांवर निशाणे लावली आहेत, आणि सगळ्या फौजेत कोणी कप्तान, कोणी लेफ्टनंट. पलीकडच्या वनस्पती उद्यानात लाल सदरे घालणारी दुसरी टोळी आहे; तिला चेंडू खेळायला जागा नाही, म्हणून तिला ग्रुंड हवे आहे. एवढ्यासाठी युद्ध. पाल रस्त्याच्या सेनापतीचे आडनाव ‘बोका’. माझ्या भाचीला ते कळले त्या रात्री वाचन पंधरा मिनिटे बंद पडले, कारण ती गादीवर लोळून हसत होती. आणि हा बोका अत्यंत गंभीर, न्यायी, चौदा वर्षांचा मुलगा आहे हे तिच्या गळी उतरवायला मला आणखी दोन प्रकरणे लागली.

त्या फौजेत साधा शिपाई एकच आहे: एर्नो नेमेचेक, गरीब शिंप्याचा किडकिडीत, सोनेरी केसांचा मुलगा. बाकी सगळे अधिकारी असल्यामुळे सगळ्यांच्या सगळ्या आज्ञा त्या एकट्याला पाळाव्या लागतात. मोल्नारने हा विनोद अगदी सरळ चेहऱ्याने सांगितला आहे आणि म्हणूनच तो बोचतो. आपल्या गल्लीतल्या खेळांत अशा मुलाला ‘कच्चे लिंबू’ म्हणतात, पण कच्च्या लिंबाला निदान बाद होण्याची भीती नसते. नेमेचेकला सगळे नियम लागू आहेत आणि हक्क एकही नाही. गोट्यांच्या डावात जिंकलेल्या गोट्या थोरली पोरे येऊन ‘आइनश्टांड’ एवढाच एक जर्मन शब्द उच्चारून उचलून नेतात, आणि तो शब्द उच्चारला गेला की विरोध करायचा नसतो, असा कायदा आहे. हा कायदा कोणी केला हे कोणालाच ठाऊक नाही. तसे ते आपल्यालाही कुठे ठाऊक असते?

आमच्या वाड्यातही असा एक मुलगा होता. त्याचे नाव सांगणार नाही, आणि खरे तर त्याचे पूर्ण नाव मला आज आठवतही नाही. आम्ही त्याच्या आडनावाला ‘या’ लावून हाक मारत असू. चेंडू गटारात गेला की काढायला तो, शेजारच्या आजोबांच्या अंगणात गेला की बोलणी खायला तो. एकदा त्याने आणलेली नवी बॅट आम्ही संध्याकाळभर वापरली आणि त्याला शेवटचे तीन चेंडू खेळायला दिले. त्या बॅटच्या मुठीवरच्या रबराचा वास मला अजून आठवतो, त्याचा चेहरा धूसर झाला आहे. नेमेचेकची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि स्वतःला अर्थातच बोकाच्या जागी पाहत होतो. आता मोठ्याने वाचताना लक्षात येते की मी फार तर त्या मंडळातला एक होतो, वही उघडून बसलेला.

ते मंडळ म्हणजे पुट्टी-मंडळ. खिडकीच्या काचा बसवायला लागते ती पुट्टी, जिला आपले सुतार लांबी म्हणतात, ती मुले काचांच्या कडांवरून खरवडून जमवतात. तिचा एक गोळा होतो, तो वाळून कडक होऊ नये म्हणून अध्यक्षाने तो चघळायचा असतो. त्याखेरीज मंडळाला काही काम नाही. पण शिक्का आहे, निशाण आहे, वर्गणी आहे, ठराव आहेत. ज्याने कोणी आपल्याकडची मंडळे जवळून पाहिली असतील त्याला या पानांवर भाष्याची गरज पडणार नाही. नेमेचेक ऐन सभेतून उठून पळतो, कारण गेरेब नावाचा त्यांचाच सोबती शत्रूला फितूर झाल्याचे त्याला दिसते आणि त्याच्या मागावर जाणे त्याला सभेपेक्षा महत्त्वाचे वाटते. मंडळ त्याला भित्रा ठरवते, गद्दार ठरवते, आणि वहीत ते नाव लिहिले जाते. शत्रूच्या बेटावर हेरगिरी करताना तो गार पाण्यात पडतो, काचगृहातल्या हौदात लपून बसतो, मग एकटाच शत्रूने पळवलेले निशाण परत आणायला जातो तेव्हा लाल सदरेवाले त्याला पकडून पुन्हा पाण्यात बुचकळतात. ताप चढतो. भर तापात तो अंथरुणातून उठून लढाईला येतो आणि शत्रूच्या सेनापतीला, धिप्पाड आच फेरीला, खाली पाडतो. लढाई त्याच्यामुळे जिंकली जाते. आणि तापात बरळताना मात्र त्याला लढाई आठवत नाही. आठवते ती वही.

मी रात्रभर लहान लिपी मराठीत कशी आणावी याचा विचार करत होतो. आपल्या अक्षरांना मोठे-लहान नाही हे खरे, पण आपण काही फार समतावादी आहोत असे नाही. आपले मोठे अक्षर क्रियापदात असते. साहेब ‘येतात’, शिपाई ‘येतो’. शेजारचे काका ‘गेले’ आणि त्यांच्याकडे तीस वर्षे भांडी घासणारी बाई ‘गेली’. नाव तेच ठेवून माणसाला लहान करण्याची सोय आपल्याकडे इतकी पूर्वापार आहे की त्यासाठी निराळी वही उघडावी लागत नाही.

मोल्नारला नावांचे हे राजकारण घरूनच माहीत असणार. 12 जानेवारी 1878 रोजी बुडापेस्टमध्ये एका ज्यू डॉक्टरच्या घरी तो जन्मला तेव्हा त्याचे आडनाव नॉयमान होते. हंगेरीत आडनाव आधी लावतात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखे, त्यामुळे माणसाच्या ओळखीत सगळ्यात पुढे तेच उभे असते आणि जर्मन वळणाचे आडनाव पहिल्याच हाकेत ओळखू येते. 1896 साली, म्हणजे हंगेरी आपल्या भूमीतल्या हजार वर्षांचा उत्सव साजरा करत होती त्याच वर्षी, अठरा वर्षांच्या या मुलाने नॉयमान सोडून मोल्नार हे आडनाव घेतले. मोल्नार म्हणजे गिरणीवाला. चक्कीवर धान्य दळून देणारा. त्या काळी असंख्य ज्यू कुटुंबे अशी मॅग्यार, म्हणजे हंगेरियन वळणाची, नावे घेत होती, त्यात फार मोठे नाट्य नव्हते. पण ल्योन्याइ रस्त्यावरच्या कॅल्विनपंथी शाळेत शिकलेला, ख्रिस्ती वर्गमित्रांत वाढलेला हा मुलगा पुढे जेव्हा नेमेचेकचे दुःख लिहितो, तेव्हा नाव ही अंगावरच्या सदऱ्यासारखी बदलता येणारी आणि तरीही कातडीला चिकटलेली गोष्ट आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागले नसेल. नेमेचेक या नावाच्या मुळाशीही स्लाव भाषांतला ‘जर्मन’ या अर्थाचा शब्द आहे. हे त्याने मुद्दाम केले की सहज, ते महत्त्वाचे नाही. मला मात्र ते समजल्यापासून विसरता आलेले नाही.

जिनिव्हाला कायदा शिकायला गेलेला मोल्नार परत आला तो पत्रकार होऊनच. पुढची वीस वर्षे तो बुडापेस्टच्या कॉफीगृहांचा राजा होता. डोळ्याला एकभिंगी चष्मा, समोर कोऱ्या कागदांची चळत, रात्रभर लेखन आणि दुपारपर्यंत झोप. त्याच्याविषयीचे किस्से त्याच्या नाटकांपेक्षा अधिक प्रवास करतात. साक्षीसाठी एकदा त्याला सकाळी आठ वाजता न्यायालयात न्यावे लागले, तेव्हा रस्त्यावरची गर्दी पाहून त्याने म्हणे विचारले, “हे सगळे साक्षीदार आहेत का?” हे किस्से मला पूर्वी आवडत. आता ते वाचताना वाटते की चतुर माणूस म्हणून एकदा ख्याती झाली की लोक माणसाला त्या खुर्चीतून उठू देत नाहीत. 1907 च्या ‘सैतान’ या नाटकाने तो युरोपभर गेला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याच नाटकाचे दोन प्रतिस्पर्धी प्रयोग एकाच वेळी चालू होते. ‘अंगरक्षक’, ‘लांडगा’, ‘हंस’, ‘किल्ल्यातला खेळ’ ही सगळी घड्याळासारखी बांधलेली नाटके आहेत. यांतल्या शेवटच्या नाटकाचे इंग्रजी रूपांतर तर पी. जी. वुडहाऊसने केले. ती हुशार आहेत, देखणी आहेत, आणि खरे सांगायचे तर त्यांतले बरेचसे आज वाचल्यावर दोन दिवसांत विसरायला होते.

‘लिलिओम’ विसरता येत नाही.

7 डिसेंबर 1909 रोजी बुडापेस्टच्या वीगसिनहाज नाट्यगृहात ते पहिल्यांदा झाले आणि पडले. शहराच्या बागेतल्या जत्रेत चक्राकार पाळण्यावर गिऱ्हाईक ओढणारा एक टगा, त्याच्यासाठी नोकरी सोडून आलेली मोलकरीण युली, फसलेला दरोडा, स्वतःच्याच अंगात खुपसून घेतलेला सुरा; इथवर प्रेक्षक बरोबर होते. पण मग मेलेल्या लिलिओमला न्यायला स्वर्गातले पोलीस येतात. वरही अगदी शहरातल्या चौकीसारखी चौकी आहे, गरिबांसाठी निराळी. सोळा वर्षे शिक्षा भोगून एका दिवसासाठी तो खाली येतो, न पाहिलेल्या मुलीसाठी वाटेत एक तारा चोरून आणतो, ती घेत नाही तेव्हा तिच्या हातावर फटका मारतो आणि परत नेला जातो. हसायचे की रडायचे हे बुडापेस्टच्या प्रेक्षकांना कळेना. शेवटी मुलगी आईला विचारते, कोणी जोरात मारावे आणि तरी लागू नये, असे होऊ शकते का? आई सांगते, होऊ शकते.

या उत्तराशी माझे अजून जमलेले नाही. मोल्नारने पहिली पत्नी मार्गित वेसी हिच्यावर हात उगारला होता, हे त्याच्या चरित्रांत नोंदवलेले आहे. ती स्वतः चित्रकार आणि लेखिका होती आणि मुलगी जन्मल्यावर हे लग्न फार टिकले नाही. हे नाटक म्हणजे त्याने मागितलेली माफी, असे पुष्कळांनी म्हटले आहे. पण माफी मागणाऱ्यानेच मार खाल्लेल्या बाईच्या तोंडी ‘लागले नाही’ हे वाक्य घालावे, ही कसली माफी? आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक काकू राहत. कधी त्यांचा गाल सुजलेला असला की नळावर कपडे आपटत त्या म्हणत, “मनाने वाईट नाहीत हो ते.” माझी आई काही न बोलता त्यांची बादली भरून देई. युलीचे शेवटचे वाक्य वाचताना मला नळाचे ते वाहते पाणी ऐकू येते आणि नाटककाराचा राग येतो. मग पुन्हा वाटते की त्याने त्या वाक्याचे समर्थन कुठे केले आहे? त्याने लिलिओमला स्वर्गात पाठवलेले नाही. दुसरी संधी देऊन तीही त्याच्या हातून वाया घालवली आहे. असा शेवट स्वतःविषयी लिहायला काही एक कठोरपणा लागतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

1921 मध्ये न्यूयॉर्कने ‘लिलिओम’ डोक्यावर घेतले. इटालियन संगीतकार पुच्चिनीला त्याचा ऑपेरा करायचा होता आणि मोल्नारने नकार दिला, असे सांगतात. हे मोल्नारचे नाटक म्हणून लक्षात राहावे, पुच्चिनीचा ऑपेरा म्हणून नव्हे, हे त्याचे कारण. नावासाठी एवढा हट्ट. पण 1937 च्या अखेरीस त्याला बुडापेस्ट सोडावे लागले. पुढच्याच वर्षी हंगेरीत ज्यूंविरुद्धचा पहिला कायदा आला, आणि त्या कायद्याच्या दृष्टीने मोल्नार हे आडनाव चाळीस वर्षांपूर्वी घेतले काय आणि न घेतले काय, सारखेच होते. मुलीचा नवरा, कवी-संपादक ग्योर्ग शारकोझी, 1945 साली बाल्फच्या श्रमछावणीत मेला. मोल्नार तोवर जिनिव्हा, फ्रान्स करत जानेवारी 1940 मध्ये न्यूयॉर्कला पोहोचला होता आणि प्लाझा हॉटेलात राहत होता. रात्रभर गजबजलेल्या कॉफीगृहांतून उठून आलेला हा माणूस परक्या शहरातल्या हॉटेलच्या एका खोलीत म्हातारा झाला.

आणि 1945 मध्ये संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टाइन यांनी ‘लिलिओम’ची ‘कॅरोसेल’ ही संगीतिका केली. बुडापेस्टची बाग अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर गेली, लिलिओमचा बिली बिगेलो झाला, शेवट आशेचा झाला. मोल्नार तालमीला येऊन बसला तेव्हा संगीतकार धास्तावले होते, पण त्याला तो बदललेला शेवट आवडला, असे रॉजर्सने पुढे लिहून ठेवले आहे. पुच्चिनीला नाही म्हणणारा माणूस इथे हो म्हणाला. परदेशात पैशांची गरज होती, वय झाले होते, जग जळून गेले होते. कदाचित नावाचा हट्ट एव्हाना त्यालाच पोरकट वाटू लागला असेल. त्या संगीतिकेतले ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे गाणे आज लिव्हरपूलच्या फुटबॉल मैदानावर हजारो लोक गळ्यातले मफलर उंच धरून गातात. आमच्या इमारतीतली पोरेसुद्धा पहाटेपर्यंत सामने पाहतात आणि ते गुणगुणतात. त्या गाण्याच्या मुळाशी बुडापेस्टच्या जत्रेतला एक मेलेला टगा आहे, हे त्यांना कोण सांगणार? आणि संगीतिकेच्या जाहिरातीत ‘मोल्नारच्या नाटकावर आधारित’ ही ओळ असते खरी. खाली, बारीक अक्षरांत.

अखेरच्या वर्षांत त्याच्याबरोबर वांडा बार्था होती, सचिव, सोबतीण, सगळेच. 1947 साली तिने आत्महत्या केली. तिच्यावर त्याने ‘वनवासातली सोबतीण’ हे पुस्तक लिहिले. त्यात विनोद आहेत, पण ते लंगडतात. 1 एप्रिल 1952 रोजी न्यूयॉर्कमध्येच तो गेला. तिसरी पत्नी, अभिनेत्री लिली दारवाश, त्याच शहरात वेगळी राहत असे, तरी शेवटपर्यंत त्याची पत्नीच होती. तिने पुढे हंगेरीत जाऊन कारोय मक्कच्या, 1971 मध्ये आलेल्या ‘प्रेम’ या चित्रपटात काम केले. त्यात ती अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई आहे. मुलगा तुरुंगात आहे, पण सून तिला तो अमेरिकेत मोठे नाव कमावतो आहे अशी खोटी पत्रे लिहून वाचायला देते. तिचा तो भिंग धरून पत्र वाचणारा चेहरा पाहताना, अमेरिकेत मोठे नाव कमावलेल्या एका माणसाची हीच विधवा, ही गोष्ट मनातून जात नाही.

मी अडखळलो त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने माझा प्रश्न सोडवून टाकला होता. चहाच्या टेबलावर पुस्तक उघडे, हातात पेन्सिल. “मामा, नाव लहान करायचं असेल तर वरची रेघ काढून टाकायची.” समासात तिने शिरोरेषा न देता ‘नेमेचेक’ लिहिले होते. अक्षरे सुटी सुटी, मात्रा हवेत लोंबकळणाऱ्या. पावसात डोक्यावर छत्री नसलेल्या माणसांसारखे ते नाव दिसत होते. मी काही बोललो नाही. इतक्या वर्षांत मला हे सुचले नव्हते.

शेवटची प्रकरणे आम्ही विसर्जनाच्या आदल्या रात्री वाचली. बाहेर कुठेतरी ढोलांचा सराव चालू होता. आत, एका खोलीत, नेमेचेक मरतो आहे आणि त्याच घरात शिंपी बाप चेत्नेकी नावाच्या गिऱ्हाइकाचा कपडा अंगावर बेतून पाहतो आहे, कारण गिऱ्हाईक ठरल्या वेळी आले आहे आणि पैशांची गरज आता अधिक आहे. पुट्टी-मंडळाची पोरे माफीचा कागद घेऊन येतात. त्याचे नाव आता सगळे मोठ्या अक्षरांत लिहिण्याचे ठरले आहे. ती येऊन पोहोचतात तेव्हा उशीर झालेला असतो. मग बोका एकटा ग्रुंडावर जातो आणि वखारीच्या रखवालदाराकडून त्याला कळते की आता इथे मोजमापे होणार, खणणार, इमारत उठणार.

भाची बराच वेळ गप्प होती. मग तिने पुस्तक माझ्या हातातून घेतले, पाने मागे उलटत ते समासातले नाव शोधले, उशीखालून पेन्सिल काढली आणि टोक अक्षरांच्या वर टेकवले.

“त्यांनी मोठं केलं, ते त्याला कळलं का?”

“नाही.”

तिने पेन्सिल उचलली. पुस्तक मिटून माझ्याकडे दिले आणि कुशीवर वळून झोपली. ती परत गेली त्याला आता महिना झाला. पुस्तक कपाटात आहे आणि ती रेघ मीही ओढलेली नाही.